मदत हवी आहे: हीट पंपाचं बाहेरचं युनिट बोळात बसवावं की मागच्या अंगणात?

पडवी

नमस्कार मंडळी,

आमचं घर लीड्समध्ये, १९३० च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड. गॅस बॉयलर शेवटच्या घटका मोजतोय, म्हणून एअर सोर्स हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घर तापवणारं यंत्र, घ्यायचं पक्कं केलंय. ७ किलोवॉटचं मोनोब्लॉक (सगळी यंत्रणा बाहेरच्या एकाच पेटीत) युनिट, आत उष्णता वाहून नेणारा वायू आर-२९० म्हणजे प्रोपेन. हीट लॉसचा, म्हणजे घरातून किती उष्णता बाहेर जाते त्याचा, हिशेब झाला, वरचे काही रेडिएटर बदलायचे हेही मान्य आहे. ७५०० पाउंडांचं सरकारी अनुदान इन्स्टॉलर परस्पर बिलातून वजा करणार. घोडं अडलंय ते बाहेरच्या युनिटच्या जागेपाशी.

इन्स्टॉलर म्हणतो, बाजूच्या बोळात लावू. आमची भिंत ते कुंपण जेमतेम सव्वा मीटर. गरम पाण्याची टाकी भिंतीपलीकडेच येणार, त्यामुळे पाइप आखूड आणि काम झटपट. पूर्वी हद्दीपासून १ मीटर सोडावा लागायचा, ती अट मे २०२५ मध्ये गेली, तेव्हा ‘नो प्रॉब्लेम’ हे त्याचं पालुपद. पण कुंपणापलीकडे शेजारच्या आजोबांच्या बेडरूमची खिडकी आहे, आणि कचऱ्याचे डबे बाहेर न्यायची वाटही तीच.

दुसरी जागा मागे, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. मोकळी आहे, पण सिंकचं पाणी जातं ती गटाराची जाळी अगदी तिथेच. शिवाय सासूबाईंना कढीपत्त्याच्या कुंडीची काळजी. (कढीपत्ता लीड्समध्ये बाहेर जगतो असा त्यांचा दावा आहे. जुलैपुरता तो खराही असतो.)

भिंतीवर ब्रॅकेट लावावं की जमिनीवर बेस करावा? आणि नवऱ्याला ते युनिट लाकडी पट्ट्यांच्या पेटीत झाकायचंय, दिसायला बरं म्हणून. चालेल का?

नटबोल्ट

पडवीताई, हद्दीची अट गेली हे खरं. आकाराची मर्यादाही ०.६ घनमीटरवरून १.५ झाली. पण आवाजाची अट कुठेही गेलेली नाही. शेजाऱ्याच्या राहत्या खोलीच्या खिडकीपासून १ मीटरवर आवाज किती पोचेल, हे कागदावर दाखवावं लागतं आणि नव्या हिशेबात मर्यादा ३७ डेसिबलची आहे. त्यात जमिनीखेरीज आणखी एक भिंत युनिटला लागून आली, की साधारण ३ डेसिबल वाढवून धरतात. कोपरा असेल तर आणखी ३. तुमच्या बोळात आवाज दोन्हीकडून आपटणार. तो हिशेब लेखी मागा. टाळाटाळ झाली तर काय ते समजून घ्या.

माझ्या मते त्याहून मोठी भानगड हवेची आहे. पंखा बाहेर फेकतो ती हवा भोवतालच्या हवेपेक्षा बरीच थंड असते, कारण तिच्यातली उष्णता काढून घेतलेली असते. समोर कुंपण असलं की तीच थंड हवा वळून पुन्हा मागून आत ओढली जाते. म्हणजे बाहेर ४ अंश असताना पंपाला वाटतं शून्याच्या खाली आहे. कॉइलवर, म्हणजे हवेतली उष्णता घेणाऱ्या नळ्यांवर, बर्फ लवकर धरतो, डिफ्रॉस्ट (तो बर्फ वितळवणं) वारंवार होतं आणि बिल वाढतं.

पेटीचंही तेच. पट्ट्यांमध्ये हात जाईल एवढी फट नसेल तर नवऱ्याला म्हणावं, हौस शेडवर भागवा.

चिवडा

आमचं युनिट बोळातच आहे. दोन हिवाळे झाले, काही त्रास नाही. उगाच घाबरवू नका.

नटबोल्ट

चिवडा, पंख्याचं तोंड कुठे आहे तुमच्या?

चिवडा

रस्त्याकडे. युनिट बोळाच्या तोंडाशी आडवं ठेवलंय, हवा सरळ पुढच्या अंगणात जाते. बोळातून ये-जा मात्र बंद झाली.

नटबोल्ट

मग बरोबर आहे, समोर मोकळं आहे तुमच्या. पडवीताईंचं युनिट कुंपणाकडे तोंड करून बसणार आहे आणि त्यांना तिथून डबेही न्यायचेत.

यॉर्कशायरकर

पाण्याचं कोणीच बोललं नाही! आपल्याकडे इथे कडाक्याच्या थंडीपेक्षा ० ते ५ अंशांची ओली थंडी जास्त, आणि कॉइलवर बर्फ साचतो तो याच हवेत. डिफ्रॉस्ट झालं की ते सगळं पाणी खाली येतं. दमट दिवशी आमच्या युनिटखाली बादलीभर सहज होतं. ओळखीच्यांकडे ते फरशीवर सोडलं होतं, वर पंख्याची थंड हवा. सकाळी वाटेवर काचेसारखा बर्फ. तुमच्या डब्यांच्या वाटेवर हेच होईल. बेसखाली खड्डा घेऊन खडी भरून घ्या, पाणी तिथे मुरू द्या. युनिट जमिनीपासून वीतभर तरी उंच हवं.

ब्रॅकेट नको. शंभर किलोच्या पुढचं धूड दुहेरी पोकळ भिंतीवर टांगलं, की थरथर आत येते. काँक्रीटचा बेस, त्यावर रबरी पाय, आणि पाइपांना शेवटी लवचीक नळ्या.

नटबोल्ट

सहमत. आता खिडकीखालच्या जागेबद्दल. प्रोपेन हवेपेक्षा जड असतं. गळती झालीच तर ते जमिनीलगत पसरतं आणि खळगा किंवा गटार दिसलं की त्यात उतरतं. म्हणून आर-२९० युनिटभोवती कंपनी संरक्षित क्षेत्र आखून देते. बहुतेकांचं साधारण १ मीटर, पण तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल प्रमाण. त्यात दार, उघडणारी खिडकी, गटाराची जाळी, दिव्याचं किंवा प्लगचं बटण काही चालत नाही. तुमच्याकडे खिडकी आणि जाळी दोन्ही आहेत. ही जागाही बाद समजा.

पडवी

बाप रे. धन्यवाद सगळ्यांना. आज टेप घेऊन अंगण मोजलं. मागच्या भिंतीच्या दुसऱ्या टोकाला, जेवणाच्या खोलीची भिंत आहे तिथे, खिडकी नाही आणि जाळी अडीच मीटर लांब. समोर सगळं लॉन. आजोबांची खिडकी तिथून दिसतसुद्धा नाही. फक्त टाकीपर्यंत पाइप सहा-सात मीटर होतो. इन्स्टॉलर म्हणतो उष्णता वाया जाईल, वर जादा पैसे. खरंच एवढा फरक पडतो?

यॉर्कशायरकर

सहा-सात मीटर म्हणजे काही डोक्यावरून पाणी नाही. पाइप पुरेसा जाड आणि इन्सुलेशन चांगलं हवं. जमिनीखालून नेणार असाल तर आधीच इन्सुलेट केलेला पाइप मिळतो. उघड्यावरचं साधं फोम इन्सुलेशन उन्हापावसाने आणि पक्ष्यांच्या चोचींनी फाटतं, ते चालवून घेऊ नका. पैसे जास्त पडतील, पण एकदाच.

नटबोल्ट

जागा उत्तम आहे, तीच धरा. पाणी गोठू नये म्हणून ग्लायकॉल घालणार की अँटीफ्रीझ व्हॉल्व्ह लावणार, तेवढं विचारा. व्हॉल्व्ह असतील तर वीज गेल्यावर पाण्याचं तापमान ३ अंशांच्या आसपास आलं की ते आपोआप उघडून पाणी खाली सोडतात. त्यांच्यावर इन्सुलेशन गुंडाळायचं नाही, नाहीतर त्यांना थंडी कळणारच नाही. आमच्याकडे काम करणाऱ्या पोरांनी नीटनेटकं दिसावं म्हणून तेही गुंडाळून टाकले होते, मी सोडवून घेतले. बेस ओतायच्या आधी भिंतीपासूनचं अंतरही मॅन्युअलमध्ये पाहून खडूने आखून ठेवा.

पडवी

उद्याच ईमेल करते: नवी जागा, आवाजाचा हिशेब, खडीचा खड्डा, व्हॉल्व्ह. उत्तर आलं की इथे टाकते.