80 हजारात घरून भांडी भाड्याने द्यायचा धंदा जमेल का? (कळवा)

खारेगावकरीण
नमस्कार मंडळी, सल्ला हवा होता. आम्ही कळव्यात राहतो, वन बीएचके, दुसरा मजला, लिफ्ट नाही. यांच्या कंपनीत ओव्हरटाइम बंद झालाय म्हणून मी घरून काहीतरी करावं असं चाललंय. साठवलेले 80 हजार आहेत त्यातल्या 20 ला हात लावायचा नाही, मुलाची फी आहे. पोळीभाजीच्या ऑर्डरी घेणाऱ्या आमच्या बिल्डिंगमध्येच तिघी आहेत म्हणून ते नको, पण भांडी भाड्याने द्यावी का? म्हणजे मोठे टोप, कढया, परात, ताटं-वाट्या, चाफिंग डिश (जेवण गरम ठेवायची भांडी) आणि एक भट्टी सिलेंडरसकट. नणंदेच्या डोहाळजेवणाला आम्हाला 60 ताटं हवी होती तर डेकोरेटर म्हणाला 200 च्या खाली गाडी काढत नाही, तेव्हापासून डोक्यात बसलंय. लायसन वगैरे लागतं का?

जुना_मंडपवाला
ताई, त्या डेकोरेटरने तुम्हाला धंदा फुकटात दाखवलाय. मी पण त्याच लाइनमध्ये 20 वर्षं आहे ठाण्यात, 60 ताटांसाठी टेम्पो आणि दोन पोरं पाठवणं खरंच परवडत नाही. तुम्ही तेवढंच धरा. टोप-कढया आत्ता नकोत, मोठं जेवण करणारा केटरर स्वतःचे टोप आणतो आणि 50-60 माणसांचं लोक बाहेरून मागवतात, अडतं ते वाढायला. 2018 ला थर्माकोलच्या प्लेटी बंद झाल्या, कागदी प्लेटमध्ये आमटी-भात घेतला की साडीवर ओघळ, म्हणून बारसं, सत्यनारायण, हळदीकुंकू सगळीकडे स्टीलची ताटं विचारतात.

100 ताटं, 200 वाट्या, 100 ग्लास, 150 चमचे, वाढायची भांडी, दोन पाण्याचे जार, बस. चमचे जास्त का तर ते उष्ट्याबरोबर कचऱ्यात जातात, प्रत्येक ऑर्डरला चारपाच जाणारच. आणि प्रत्येक नगावर नाव कोरून घ्या. हसू नका, सोसायटीच्या हॉलमध्ये तीन घरांची भांडी एकत्र झाली की नाव नसलेली वाटी कोणाचीच नसते 😀 माझं पहिल्या वर्षी जे नुकसान झालं ते सगळं मोजणीत. 25-25 चा गठ्ठा बांधून द्यायचा, देताना समोर मोजायचं, घेताना पण समोर मोजायचं, "राहू द्या हो, बरोबर आहेत" म्हणणाऱ्याचं तर दोनदा मोजायचं. डिपॉझिट आधी, मोजणी झाल्यावर परत. सख्ख्या नात्यातलं असलं तरी.

घणसोलीची_मावशी
मी हेच करते चार वर्षं, म्हणून बाकी कोणी बोललं नाही ते बोलते. तुझा प्रश्न पैसा नाहीये ग, तो जिना आहे आणि पाणी आहे. 100 ताटांचं पोतं वर चढवून बघ एकदा. खाली ओळखीच्या दुकानाच्या मागे, कोणाच्या गाळ्यात कोपरा मिळतो का बघ, थोडं भाडं गेलं तरी चालेल. जिन्यात किंवा पॅसेजमध्ये ठेवू नकोस, सोसायटी दुसऱ्याच दिवशी नोटीस लावेल आणि ते बरोबरच आहे. आणि लोक "धुवून दिलीत" म्हणतात म्हणजे नळाखाली धरलेली असतात, वाटीच्या काठाला शिऱ्याचं तूप तसंच. आपल्याला परत घासावीच लागतात, मग तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं त्यावर दुसऱ्या दिवशीची ऑर्डर घ्यायची की नाही ते ठरतं. मी धुण्याचे पैसे वेगळे लावते आणि आधीच सांगते, आधी कटकट करायचे लोक आता नाही करत.

कागदपत्र_काका
जेवण विकणार नाही, नुसती भांडी देणार तर अन्न परवाना लागत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची नोंद, सरकारी साइटवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. भाड्याने देणं सेवेत धरतात, वर्षाला 20 लाखांपर्यंत जीएसटीचा प्रश्न नाही. भांडवल कमी पडलं तर सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेत शिशु गटात 50 हजारांपर्यंत कर्ज असतं, तारण मागत नाहीत, पण माझं मत विचाराल तर पहिला सीझन कर्जाशिवाय काढा. आणि सिलेंडरचं डोक्यातून काढूनच टाका. घरचा 14.2 किलोचा धंद्याला वापरता येत नाही, त्याला 19 किलोचा व्यावसायिक लागतो आणि काही झालं तर निस्तरायचं कोणी?

खारेगावकरीण
बापरे, जिन्याचा विचारच केला नव्हता, मी टोपांच्या किमती काढत बसले होते. खाली पिठाची गिरणी आहे, गिरणीवाल्या काकांना विचारते. ताटं ठाण्यात जांभळी नाक्यालाच घेऊ की मुंबईला जाऊ?

जुना_मंडपवाला
मुंबईला मस्जिद स्टेशनला उतरून तांबाकाट्याला जा, भांड्यांचा बाजार आहे. स्टील किलोवर मिळतं, चार दुकानं फिरा, रविवारी नको. फार पातळ ताट घेऊ नका, दोन सीझनमध्ये काठ वाकतात आणि मग गठ्ठा नीट बसत नाही. 100 च्या ऐवजी 110 घ्या, पुढच्या वर्षी तोच डिझाइन मिळेल याचा भरवसा नाही.

घणसोलीची_मावशी
आणि श्रावणाच्या आधी घेऊन ठेव ग, श्रावणात सत्यनारायण आणि मग लगेच गौरी-गणपती, तेव्हा मला एकटीला पुरं पडत नाही. कळवा-विटाव्याचे फोन येतात ते तुझ्याकडे पाठवीन.

खारेगावकरीण
मावशी 🙏 गिरणीवाले काका हो म्हणालेत, फक्त भांड्यांवर पीठ बसेल म्हणतात. जुन्या चादरी शोधतेय.