रात्रीतून मागचा डावा कोपरा खाली बसतो : कॉम्प्रेसर बदलावा की आधी गळती शोधावी?

जुळे सोलापूरकर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे वापरलेली घेतलेली एक सात आसनी डिझेल एसयूव्ही आहे आणि तिच्या चारही चाकांवर स्प्रिंगऐवजी हवेचे बलून आहेत. गेल्या उन्हाळ्यापासून गाडी रात्रभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी राहिली, की सकाळी तिचा मागचा डावा कोपरा खाली बसलेला दिसतो. इंजिन सुरू केले की कॉम्प्रेसरची घरघर सुरू होते आणि गाडी पुन्हा वर येते. मात्र जे काम पूर्वी चटकन होत असे, त्याला आता बराच वेळ लागतो. मध्यंतरी तुळजापूरला दर्शन करून भर दुपारी निघताना तर गाडी उचललीच नाही, डॅशबोर्डवर सस्पेन्शनचा पिवळा दिवा लागला, आणि सावलीत बराच वेळ थांबल्यावर ती काहीच न घडल्यासारखी आपोआप वर आली.

पुण्यातील एका सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावून कॉम्प्रेसरचे तापमान वाढल्याचा कोड दाखवला आणि कॉम्प्रेसर बदलण्याचे अंदाजपत्रक हाती दिले. येथील एका गॅरेजचे मत असे, की मागचे दोन्ही बलून बदलावेत आणि कॉम्प्रेसरला हात लावू नये. दोघांनीही गाडीखाली वाकून पाहिलेले नाही, म्हणून निर्णय घेण्यापूर्वी येथे विचारत आहे. सुरुवात कोठून करावी?

एमएच तेरा

साहेब, कॉम्प्रेसर सध्या घेऊ नका. तापमानाचा कोड म्हणजे कॉम्प्रेसर बिघडला असा अर्थ नव्हे. तो जास्त वेळ चालला, गरम झाला आणि जळू नये म्हणून संगणकाने त्याला बंद केले, एवढाच त्याचा अर्थ आहे. सावलीत थांबल्यावर गाडी वर आली, म्हणजे तो अजून हवा भरतो आहे. त्याला इतका वेळ का चालावे लागते, हे आधी शोधायला हवे, आणि रोज एकच कोपरा बसत असेल तर उत्तर त्या कोपऱ्याच्या आसपासच सापडेल.

लूमचा फिटर

मी अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात देखभालीचे काम पाहतो. लूमवरील (यंत्रमागांवरील) हवेच्या नळ्या, सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेने उघड-बंद होणाऱ्या झडपा) आणि ड्रायर यांच्याशी रोजचा संबंध असल्यामुळे, आणि घरच्या गाडीवर हेच काम केलेले असल्यामुळे, थोडे सविस्तर लिहितो.

गाडीतील रचना अशी असते. विजेवर चालणारा एक लहान कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढतो आणि ती ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या ड्रायरमधून व्हॉल्व्ह ब्लॉककडे, म्हणजे अशा झडपांच्या ठोकळ्याकडे, पाठवतो. ब्लॉकमधील सोलेनॉइड उघडले, की बोटभरही जाड नसलेल्या प्लास्टिकच्या नळीतून ती हवा त्या त्या चाकाच्या बलूनमध्ये जाते. प्रत्येक चाकाजवळ हाइट सेन्सर असतो, त्याचा लहान दांडा सस्पेन्शनच्या आर्मला जोडलेला असतो आणि त्याच्या हालचालीवरून संगणकाला गाडीची उंची कळते. गाडी खाली घ्यायची झाल्यास बलूनमधील हवा त्याच ड्रायरमधून उलट दिशेने बाहेर सोडली जाते, आणि ती कोरडी हवा जाता जाता दाण्यांतील ओलावाही सोबत घेऊन जाते. ड्रायर स्वतःला सुकवतो तो असा.

आता गळती असेल तर काय होते, ते पाहा. हवा ड्रायरमधून परत न जाता बलूनच्या भेगेतूनच निघून जाते. म्हणजे दाण्यांना ओलावा सतत मिळत राहतो आणि सुकण्याची संधी मिळत नाही. कालांतराने ओली हवा व्हॉल्व्ह ब्लॉकपर्यंत पोहोचते, आतील सोलेनॉइड गंजू लागतात, आणि दाण्यांची पूड झाली तर ती व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकून तेथेही गळती सुरू होते. दुसऱ्या बाजूला कॉम्प्रेसरच्या पिस्टनची रिंग तेलाविना चालणारी असते; ती थोड्या थोड्या वेळाच्या कामासाठी बनवलेली असते आणि रोज सकाळी गाडी तळापासून उचलावी लागली, तर ती झिजते. मग आवाज तोच राहतो, पण दाब चढत नाही. म्हणूनच गळतीकडे दुर्लक्ष करून बसवलेला नवा कॉम्प्रेसरही जुन्याच वाटेने जातो, आणि मालक मात्र नव्या सामानाला दोष देत बसतो.

शोधण्याची पद्धत सांगतो. संध्याकाळी गाडी सपाट फरशीवर उभी करून नेहमीच्या उंचीवर येऊ द्या, इंजिन बंद करा आणि टेपने चारही चाकांच्या मध्यबिंदूपासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, कारण टायरमधील हवा कमी-जास्त असली तर आकडा फसवतो. त्यानंतर एअर सस्पेन्शनच्या संगणकाचा फ्यूज काढून ठेवा. हे महत्त्वाचे आहे. काही गाड्यांचा संगणक रात्रीही मधून मधून जागा होतो आणि एक कोपरा बसला, की गाडी तिरकी दिसू नये म्हणून बाकीचे कोपरेही खाली आणतो. सकाळी चारही बाजू बसलेल्या पाहून माणूस व्हॉल्व्ह ब्लॉकवर संशय घेतो, आणि प्रत्यक्षात दोष एकाच बलूनचा असतो. फ्यूज काढल्यावर प्रत्येक कोपरा आपापला खरा हिशेब दाखवतो. सकाळी फ्यूज लावण्यापूर्वी पुन्हा मोजा. फ्यूजमुळे दिवा लागला, तर तो नंतर स्कॅनरने घालवता येतो.

चारही बाजू किंचित आणि सारख्याच उतरल्या, तर घाबरण्याचे कारण नाही. आपल्याकडे हिवाळ्यात दुपार आणि पहाट यांच्या तापमानात पंधराएक अंशांचा फरक सहज पडतो आणि तेवढ्याने बंद हवेचा दाब सुमारे ५ टक्के उतरतो. एकच कोपरा मात्र चांगला उतरला, तर त्या बलूनपासून ब्लॉकपर्यंतचा मार्ग साबणाच्या पाण्याने तपासा. भांड्यांचा द्रव साबण पाण्यात मिसळून फवारणीच्या बाटलीत भरा आणि बलूनची घडी, त्याच्या वरच्या टोकाचे नळीचे जोड, संपूर्ण नळी आणि ब्लॉकवरील जोड या क्रमाने फवारा. कॉम्प्रेसरच्या हवा बाहेर सोडण्याच्या तोंडाशी बुडबुडे दिसले, तर व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही असे समजावे. फवारल्यावर लगेच निकाल देऊ नका. बारीक गळतीला फेस यायला वेळ लागतो. रबराची भेग बहुधा घडीत असते आणि गाडी एका विशिष्ट उंचीवर असतानाच ती उघडते, म्हणून तपासणी वरच्या, मधल्या आणि खालच्या अशा तिन्ही उंचींवर करावी.

एक गोष्ट कृपया हलक्यात घेऊ नका. हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर डोके घालू नये. गाडीतील जॅक मोड (उंची आपोआप बदलणे थांबवणारी सेटिंग) आधी चालू करा, शासीखाली घोड्या लावा आणि मगच हात आत घाला. नळी सुटली, तर गाडी पूर्वसूचना देऊन खाली येत नाही.

डेपोचा मिस्त्री

वरील माहिती योग्य आहे. पुणे आणि हैदराबाद मार्गावरील खासगी बसगाड्यांचे बलून मी बदलत आलो आहे, त्यामुळे बस आणि कार यांतील एक फरक सांगतो. बसचा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो आणि ब्रेकच्या टाक्या सतत भरत राहतो. म्हणून बलूनला थोडी गळती असली, तरी बस मार्गावर धावते आणि चालकाला ते स्टँडवर उभे राहिल्यावरच कळते. कारच्या कॉम्प्रेसरची तेवढी ताकद नसते. बसवाल्यांचे ऐकून ‘चालते तोवर चालवू’ असे कारच्या बाबतीत करू नये.

आणखी दोन गोष्टी. पंक्चरवाल्याकडून बलूनला ठिगळ लावून घेण्याचा सल्ला आपल्याकडे हमखास मिळतो. प्रत्येक खड्ड्यात दुमडून उलगडणाऱ्या रबरावर ठिगळ टिकत नाही आणि ते सुटते ते नेमके भरल्या गाडीत. दुसरे, कॉम्प्रेसरचा रिले, म्हणजे त्याची वीज चालू-बंद करणारा स्विच, जरूर पाहा. वारंवार चालू-बंद होऊन त्याचे आतील संपर्क जळतात आणि एकमेकांना चिकटतात. तसे झाले, तर गाडी बंद करून चावी खिशात घातल्यावरही कॉम्प्रेसर थांबत नाही आणि शेवटी जळतो. रिलेची किंमत कॉम्प्रेसरच्या मानाने काहीच नाही, तेव्हा तो आत्ताच नवा टाका.

जुळे सोलापूरकर

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे फ्यूज काढून मोजमाप घेतले. पुढची दोन्ही चाके आणि मागचे उजवे चाक जेथे होते तेथेच राहिले. मागचा डावा कोपरा मात्र चांगला चार बोटे उतरला होता. सुटीच्या दिवशी गाडी सर्वांत वरच्या उंचीवर नेऊन, घोड्या लावून फवारणी केली. वरचे जोड आणि नळी कोरडी ठणठणीत निघाली. बलूनचे रबर खाली जेथे आत वळते, तेथील धूळ आधी ओल्या फडक्याने पुसून घेतली, तेव्हा रबरावर केसाएवढ्या आडव्या रेघा दिसल्या. त्यांवर फवारल्यावर सुरुवातीला काहीच झाले नाही आणि काही वेळाने एका रेघेवर मोहरीएवढ्या बुडबुड्यांची रांग उभी राहू लागली. मोबाइलच्या उजेडात ते स्पष्ट दिसत होते. उजव्या बलूनला फेस आला नाही, पण तशाच बारीक रेघा त्यालाही आहेत.

आता तीन शंका आहेत. उजवा बलूनही बदलावा काय? काम सोलापुरातच करून घेता येईल काय? आणि माझे मेहुणे सुचवतात त्याप्रमाणे हे सगळे काढून साध्या स्प्रिंग बसवणे शहाणपणाचे ठरेल काय?

एमएच तेरा

तिसऱ्या शंकेचे उत्तर मी देतो. स्प्रिंग बसवता येतात, परंतु प्रश्न स्प्रिंगपाशी संपत नाही. संगणक उंची आणि दाब शोधत राहतो आणि दिवा लावून ठेवतो; तो गप्प करण्यासाठी वेगळे मॉड्यूल लावावे लागते. शॉकअप विजेवर मऊ-कडक होणारे असतील, तर त्यांचे काय करायचे हेही ठरवावे लागते, आणि अनेक गाड्यांत हेडलाइटचा झोत याच हाइट सेन्सरवरून वर-खाली होतो. शिवाय उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने मर्यादा घातलेल्या आहेत. म्हणून आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांनाही विचारल्याशिवाय हे पाऊल उचलू नये. मेहुण्यांचा हेतू चांगला आहे, पण एका बलूनसाठी एवढा खटाटोप मला पटत नाही.

लूमचा फिटर

आपण शोध उत्तम घेतलात. माझ्या मते मागचे दोन्ही बलून एकत्र बदलावेत. दोघांनी ऊन, धूळ आणि ओझे सारखेच सोसले आहे आणि उजव्यावरील रेघा हे गळतीच्या आधीचेच लक्षण आहे. पुढच्या बलूनना आत्ता हात लावू नका. त्यांच्या घड्या फक्त दर सर्व्हिसिंगला पुसून पाहत चला.

काम सोलापुरात होऊ शकते, मात्र गॅरेजमध्ये तुमच्या गाडीच्या सस्पेन्शनशी बोलू शकणारा स्कॅनर हवा. केवळ इंजिनाचे कोड वाचणारे यंत्र येथे उपयोगी नाही. काम देण्यापूर्वी दोनच गोष्टी विचारा : बलूनमधील हवा स्कॅनरने सोडता येते काय, आणि नवा बलून गाडी खाली घेण्यापूर्वी स्कॅनरने भरता येतो काय? दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तरच गाडी द्या. नवे बलून नेमके येथेच फाटतात. गाडी लिफ्टवर असताना चाके लोंबतात; त्या वेळी यंत्रणा जागी राहिली, तर संगणकाला गाडी फार उंच झाल्यासारखी वाटते आणि तो हवा सोडून देतो. नंतर रिकाम्या बलूनवर गाडीचे वजन आले, की रबराची घडी चुकीची पडते आणि चिमटते. म्हणून आधी थोडी हवा, घडी सगळीकडून सारखी बसली आहे याची डोळ्यांनी खात्री, आणि मग वजन, हा क्रम मोडू देऊ नका.

नळीचे जुने टोक पुन्हा वापरताना ते धारदार पात्याने काटकोनात कापून घ्यावे. पकडीने चेपून तोडलेले टोक जोडात गोल बसत नाही आणि तेथून नवी गळती सुरू होते. जोडही नवे टाकावेत आणि आवळताना जोर करू नये, कारण ब्लॉकचे आटे मऊ असतात. जोडणी झाल्यावर चारही उंचींची नोंद सपाट जागेवर स्कॅनरने तपासून घ्या. सेन्सर काढला-बसवला असेल, तर कॅलिब्रेशन करावेच लागेल, आणि उंची बदलली असल्यास त्यानंतर व्हील अलाइनमेंट.

कॉम्प्रेसरचा निर्णय या सगळ्यानंतर घ्या. गळती बंद झाल्यावर गाडी थंड असताना तळापासून नेहमीच्या उंचीपर्यंत न्या आणि स्कॅनरवर दाब व कॉम्प्रेसरचे तापमान पाहत राहा. दाब सलग चढत गेला आणि गाडी तापमानामुळे न थांबता वर आली, तर कॉम्प्रेसर ठेवा. त्याचा हवा ओढण्याचा फिल्टर आणि ड्रायरमधील दाणे मात्र बदलून घ्या, कारण इतके दिवस ते ओलेच राहिले असणार. कॉम्प्रेसर घरघरत राहिला आणि दाबाचा आकडा जागेवरच अडखळला, तर रिंग झिजली आहे असे समजावे. अनेक कॉम्प्रेसरांसाठी सुट्या रिंग आणि सीलचा संच मिळतो, आणि सिलिंडरच्या आतील भिंतीवर ओरखडे नसतील, तर तो बसवून भागते. ओरखडे नखाला लागत असतील, तर मग पुण्याच्या त्या अंदाजपत्रकाचा विचार करा, आणि त्यात नवा रिले धरला आहे की नाही, हे आधी विचारून घ्या.