फनजंग पायगू: बरगड्या शिजल्या, पण तांदळाची भरड कोरडीच राहिली

उंबरठा:
नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही दोन वर्षं चीनच्या सिचुआन प्रांतात, चेंगडूला होतो. खालच्या मजल्यावरच्या आजी थंडी पडली की फनजंग पायगू करायच्या. भाजलेल्या तांदळाच्या भरडीत घोळवलेल्या डुकराच्या बरगड्या, खाली रताळ्याच्या फोडी, आणि बांबूच्या टोपलीत वाफवलेलं. वाटीभर आमच्याकडेही यायचं. मला त्यातलं रताळंच जास्त आवडायचं. वरून ठिबकलेली चरबी आणि तिखट पिऊन ते इतकं मऊ झालेलं असायचं की काड्यांत धरता येत नसे, चमच्यानेच खावं लागे.

आता पुण्यात परत आलोय. रविवारी पहिल्यांदा घरी केलं. पाऊण किलो बरगड्या, बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे करून आणल्या. सोया सॉस, आलं, साखर आणि तिथून आणलेलं दौबानज्यांग (आंबवलेल्या शेंगदाण्यांचं नव्हे, बाकला-मिरचीचं तिखट वाटण) लावून तासभर ठेवल्या. तांदूळ बाद्यान-दालचिनीबरोबर भाजून मिक्सरमधून काढला, एक वाटीभर. मोदकपात्रात ताटली ठेवून खाली रताळी, वर बरगड्या, तासभर वाफ दिली. मांस हाडापासून सुटत होतं. पण भरड जागोजागी पांढरी, कोरडी, दाताखाली कचकच. आणि रताळ्यांखाली ताटलीत पाणी साचलेलं! आजींची भरड ओलसर, मोकळी आणि तरी मांसाला धरून असायची. माझं कुठे चुकलं? लेकीने वाढदिवसाला हेच मागितलंय, म्हणून जीव लावून विचारतेय.

भरडधान्य:
ताई, मी छोंगछिंगला सहा वर्षं होतो, हा पदार्थ आजही महिन्यातून एकदा करतो. तुमची वाफ बरोबर आहे, पाणी कमी पडलंय. भाजलेला तांदूळ फार तहानलेला असतो. त्याला लागणारं पाणी वाफेतून पुरेसं मिळत नाही, ते आधीच घालावं लागतं.

बरगड्यांना मसाला लावलात की त्यातच अर्धी वाटी पाणी आणि दोन मोठे चमचे तेल घाला, मग भरड. कालवल्यावर एक तुकडा उचलून बघा. भरड ओल्या वाळूसारखी चिकटून राहिली पाहिजे आणि बोटाला ओल लागली पाहिजे. तसंच अर्धा तास झाकून ठेवा. परत बघाल तर ती पुन्हा कोरडी झालेली असेल, सगळं पाणी पिऊन टाकलेलं असतं. तेव्हा आणखी दोन-तीन चमचे पाणी. ही दुसरी वेळ बहुतेक जण विसरतात. निम्म्या वेळात झाकण उघडून गरम पाण्याचा एक हबका मारा.

रताळ्यांनाही उरलेला मसाला आणि थोडी भरड चोळा, म्हणजे खाली पाणी साचणार नाही, ते रताळ्यांभोवतीच राहील. तुकडे एकावर एक दाबून रचू नका, वाफेला वाट हवी. पांढरे डाग बहुधा तिथलेच असतील.

भरड रव्याहून जरा जाडच हवी. पिठासारखी बारीक झाली तर लगदा होतो. तांदूळ मंद आचेवर फिकट सोनेरी होईपर्यंत भाजा. काळपट झाला की कडवटपणा येतो. मी तीन भाग साध्या तांदळाला एक भाग चिकट तांदूळ घेतो. आणि अगदी कोरड्या बरगड्या आणू नका, थोडी चरबी असू द्या. रताळं तिच्यावरच जगतं.

तिरफळवाली:
हुआज्याओ, ती जीभ झिणझिणवणारी मिरी, संपली असेल तर आपलं तिरफळ चालतं. दोन्ही एकाच वनस्पती-वंशातली (जीनस), झँथोझायलम. तिरफळाचा वास जास्त उग्र, म्हणून पाच-सहाच घ्या. काळी बी काढून टाका, फक्त साल तांदळाबरोबर भाजा. बांगड्यात घालतो तसं अख्खं नको. आणि रताळ्याऐवजी अळकुड्या करून बघा. त्या मात्र पुऱ्या शिजू द्या, नाहीतर घशाला खाजतात.

परतीचापाऊस:
हाँगकाँगला खाल्लेल्या वाफवलेल्या बरगड्यांत काळ्या आंबवलेल्या बिया होत्या, तांदूळ नव्हता. हेच का ते?

भरडधान्य:
नाही दादा, ती दक्षिण चीनमधली, कँटनकडची पद्धत. आंबवलेले काळे सोयाबीन, लसूण, थोडं स्टार्च. तुकडे लहान, वीस मिनिटांत होतात. खाली अळकुडी तिथेही घालतात. तांदळात घोळवून वाफवणं सिचुआनसारखं हुपेइ, च्यांगशी प्रांतांतही आहे. हुपेइतलं म्यानयांग (आताचं श्यानथाव) तर मासे, मांस आणि भाजी तिन्ही अशी वाफवण्यासाठी प्रसिद्ध आहे.

उंबरठा:
आज पाव किलोवर करून बघितलं. दुसऱ्यांदा पाणी घालायला गेले तर खरंच, पातेल्यात ओलीचा टिपूसही नव्हता. पन्नास मिनिटांनी झाकण उघडलं तेव्हा प्रत्येक दाणा फुगून तांबूस झालेला, तेलाने चकाकत होता. रताळ्याची कड चमच्याने आपोआप तुटली. दौबानज्यांग खारट असतं, त्यामुळे सोया सॉस पुढच्या वेळी निम्माच घालेन. तिरफळं सासूबाईंच्या डब्यात सापडली, ती वाढदिवसासाठी राखून ठेवलीत.