मदत हवी आहे: उपनगरातल्या बाजाररस्त्यासाठी वेगळे नियम कसे मिळवावेत?

काठावरचा:
आमच्या भागात 18 मीटर रुंदीचा, साधारण 600 मीटर लांबीचा डीपी (विकास आराखड्यातला) रस्ता आहे. तळमजल्यावर दुकानं, वर सदनिका. इमारतींनी 4.5 मीटर फ्रंट मार्जिन (इमारत आणि रस्ता यांच्यामधली मोकळी जागा) सोडलंय, पण त्यात दुचाक्या, जनरेटर आणि कंपाउंड वॉल. फुटपाथ तुटक आहे, गिऱ्हाईक मॉलकडे वळलंय. जुन्या इमारती आता पुनर्विकासाला निघाल्यात, म्हणून व्यापारी आणि सोसायट्या मिळून महापालिकेला प्रस्ताव देणार आहेत. नियम कुठे बदलायचे? रस्त्याची मापं काय मागावीत?

सामासिक:
दोन कामं वेगळी करा. रस्त्याच्या 18 मीटरच्या आत काय करायचं ते महापालिका ठरवू शकते. मार्जिन, तळमजला, कंपाउंड वॉल हा मात्र नियमावलीचा विषय. युडीसीपीआर ही बांधकामाची एकत्रित नियमावली राज्याची आहे, डिसेंबर 2020 पासूनची; मुंबई महापालिकेची मात्र वेगळी आहे. तुमच्या रस्त्यापुरता बदल हवा असेल तर एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायदा 1966 चं कलम 37: सर्वसाधारण सभेचा ठराव, राजपत्र व वृत्तपत्रांत नोटीस, महिनाभर हरकती-सूचना, सुनावणी, शेवटी शासनाची मंजुरी. याला वेळ लागतो, म्हणून रस्त्याचं काम त्यासाठी अडवून ठेवू नका.

मसुद्यात खरा भर फ्रंट मार्जिनवर द्या. नियमाचा भर 'एवढं अंतर सोडा' यावर असतो, त्या जागेच्या वापरावर कमी, म्हणून तिथे पार्किंग भरतं. हे मागा: मार्जिन फुटपाथच्याच पातळीला, सलग फरसबंदी, पुढे कंपाउंड वॉल नाही, मालकी सोसायटीची पण पायी ये-जा खुली. दर्शनी बाजूला पहिले 6 मीटर खोलीपर्यंत दुकानंच, पार्किंग त्यामागे. गाड्यांचं प्रवेशद्वार एका प्लॉटला एकच. स्टिल्ट पार्किंग (तळमजल्यावर नुसत्या खांबांमधलं) रस्त्याकडे तोंड करून आलं की त्या पट्ट्यात बाजार मरतो, कारण चालणाऱ्याला थांबायला कारणच उरत नाही. उंच इमारतींपुढे अग्निशमन गाडीला जागा लागते, तेव्हा मार्जिनमध्ये पक्के कठडे सुचवू नका.

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनने कोलंबिया पाइकसाठी 2003 मध्ये असाच आराखडा केला. तो ऐच्छिक ठेवला आणि जो पाळेल त्याला परवानगी लवकर दिली. बिल्डरला पटवायला ही वाट मला सक्तीपेक्षा बरी वाटते.

लेव्हलपट्टी:
रस्त्याची मापं: मधे 7 मीटर वाहतूक, दोन्ही बाजूंना 2-2 मीटर पार्किंग, 1-1 मीटर झाडं-खांब-विजेच्या पेट्यांचा पट्टा, 2.5-2.5 मीटर निखळ चालायची जागा. बेरीज बरोबर 18. आयआरसी 103 (इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सोयींची मार्गदर्शिका) किमान 1.8 मीटर म्हणते, बाजारात तेवढ्यावर भागत नाही. एका गाडीच्या 5 मीटर जागेत पाच दुचाक्या आडव्या बसतात, म्हणून पार्किंगचा निम्मा भाग दुचाक्यांना द्या, नाहीतर त्या फुटपाथवर चढणारच.

कर्ब, म्हणजे फुटपाथची कड, 150 मिमी उंच. 1:12 उतार धरला तर रॅम्पला 1.8 मीटर लांबी लागते, ती चालायच्या पट्ट्यातून कापू नका, क्रॉसिंगच उंच करा. सोसायटीच्या गेटपाशी फुटपाथ खाली उतरवू नका, गाडीने चढून जावं.

काम बहुतेक वेळा लेव्हलवर फसतं. डांबराचा दर थर 40-50 मिमी चढतो. आधीचा थर न खरवडता तीनदा रस्ता केला की कर्ब नाहीसा होतो आणि पावसाचं पाणी दुकानात. निविदेतच मिलिंगची (जुना थर खरवडण्याची) अट घाला आणि प्रत्येक दुकानाच्या उंबऱ्याची लेव्हल नकाशावर घ्या.

काठावरचा:
फेरीवाल्यांचं काय? व्यापाऱ्यांना ते नको आहेत.

सामासिक:
2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला हटवता येत नाही, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेतेच असतात. त्यांना वगळून केलेला नकाशा समितीत किंवा कोर्टात अडकेल. झाडांच्या पट्ट्यालगत पार्किंगची काही जागा त्यांच्यासाठी आखा, 2.5 मीटर मोकळेच राहू द्या. माणसं थांबली की दुकानांचाही धंदा वाढतो, हे व्यापाऱ्यांना आधी समजावा. पाट्यांचं माप ठरवताना मराठी अक्षरं इतर भाषांपेक्षा लहान नकोत ही कायद्याची अट मसुद्यात घ्या.