‘ट्राउट’नंतर काय वाजवावं? (पियानो, व्हायोलिन, व्हिओला, चेलो, डबल बास)

व्हिओलावाली: आम्ही पाच हौशी वादक, मुक्काम जर्मनी. याच पाच वाद्यांसाठीची शूबर्टची रचना ‘ट्राउट’ बसवून झाली, फार आनंद मिळाला. पण पियानो क्विंटेट (पियानो आणि चार तंतुवाद्यांची रचना) म्हटलं की जो तो शुमान, ब्राम्स, द्वोरझाक सुचवतो. त्या सगळ्यांना दोन व्हायोलिनं लागतात. आमच्याकडे एकच आहे, आणि डबल बासवाल्याला बाहेर बसवायचं नाही. तासाभराचा कार्यक्रम करायचाय, एकसुरी होऊ नये. पियानोवादक तयारीची आहे, बाकीचे आम्ही मध्यम. काय घ्यावं?

मंद्र: ही जुळणी शूबर्टच्या आधीपासूनची आहे. श्टायर गावच्या पाउमगार्टनर या चेलोप्रेमी गृहस्थांनी १८१९ मध्ये त्याला लिहायला सांगितलं तेच मुळी हुमेल या संगीतकाराच्या रचनेच्या धर्तीवर. हुमेलचं ऑपस ८७ (ऑपस म्हणजे रचनेचा क्रमांक) नक्की बघा. विशेक मिनिटांचं आहे आणि पियानोला भरपूर काम. त्याचं ऑपस ७४ हे सेप्टेटही (सात वाद्यांची रचना) त्यानेच या पाच वाद्यांसाठी उतरवलंय.

जुने_स्कोअर: माझं मत संगीतकार लुईझ फारांक यांना. पॅरिस कॉन्झर्व्हेटरीत १८४२ पासून तीस वर्षं पियानो शिकवला त्यांनी. दोन क्विंटेट आहेत, दोन्ही तुमच्याच जुळणीची: ऑपस ३० (१८३९) आणि ऑपस ३१ (१८४०). पहिलं, ए मायनर या स्वरपट्टीतलं, घ्या. बासमुळे काय होतं ते तुम्ही ‘ट्राउट’मध्ये अनुभवलंच असेल: खालचा पाया बास धरतो, त्यामुळे चेलोला वरच्या पट्टीत गाता येतं, आणि पियानोचे दोन्ही हात वर जाऊन तीच धून सप्तकाच्या अंतराने वाजवू शकतात. जुन्या आवृत्त्यांचे पार्ट्स (प्रत्येक वाद्याची वेगळी स्वरलिपी) इंटरनेटवर मोफत मिळतात.

रविवारची_तालीम: हे सगळं एकाच काळातलं झालं. एकसुरीपणा टाळायचा तर इंग्रज संगीतकार व्हॉन विल्यम्स यांचं क्विंटेट घ्या, सी मायनर, १९०३. पुढे त्यांनी ते मागे घेतलं होतं. पत्नी अर्सुला यांनी १९९० च्या दशकात परवानगी दिल्यावरच ते पुन्हा वाजू लागलं. तीनच मूव्हमेंट्स (रचनेचे भाग), साधारण अर्धा तास. शेवटची मूव्हमेंट व्हेरिएशन्सची (एकाच धुनेच्या बदलत्या रूपांची) आहे आणि तिची धून त्यांनी ५० वर्षांनी आपल्या व्हायोलिन सोनाटात पुन्हा वापरली. पियानो जड आहे, बाकीच्यांचा आवाज दबणार नाही याकडे लक्ष ठेवा. पार्ट्स मात्र विकत घ्यावे लागतील. हेर्मान ग्योट्सचं याच जुळणीचं क्विंटेट, ऑपस १६ (१८७४), हेही सी मायनरच, त्यामुळे दोन्ही एका कार्यक्रमात नकोत.

मंद्र: आणि सगळा वेळ पाचही जण कशाला हवेत? मध्ये रॉसिनीचा चेलो आणि बास यांचा ड्युएट (१८२४) ठेवा, बासवाला खूश होईल. बास नसलेलं हवं तर शूबर्टचंच डी ४८७ (त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक), पियानो क्वार्टेटसाठी, म्हणजे पियानो, व्हायोलिन, व्हिओला, चेलो. शुमानमधलं दुसरं व्हायोलिन बासवर ढकलू नका एवढंच. त्या रचनेचा तोलच जातो.

व्हिओलावाली: मनापासून आभार सगळ्यांचे! आधी फारांक, मध्ये रॉसिनीची एखादी मूव्हमेंट, मग व्हॉन विल्यम्स, असं योजतेय. फारांकचे पार्ट्स उतरवून घेतले, शनिवारी वाचून बघू. व्हॉन विल्यम्समध्ये व्हिओलाला नीट काम आहे ना?

रविवारची_तालीम: आहे. ते स्वतः व्हिओला वाजवायचे.