कॅनडा: स्कायलाइन आणि हिवाळा दोन्ही बघायचंय, कुठली शहरं धरू?

पर्वतीकर
मंडळी, सल्ला हवाय. धाकटी बहीण टोरांटोजवळ मिसिसागात असते. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन तिच्याकडे चाललोय, एकूण १६ दिवस. जो भेटतो तो म्हणतो, "अरे, उन्हाळ्यात जा की!" पण रजा आत्ताच मिळतेय, आणि खरं सांगायचं तर आईला बर्फच बघायचाय. मला फोटोंचा नाद. उंच इमारतींची सलग रांग, पुढे पाणी किंवा बर्फ, दिवे नुकतेच लागलेले, असं काहीतरी डोक्यात आहे. टोरांटो होणारच. त्याशिवाय दोन शहरं जमतील. बाबा ६९ वर्षांचे आहेत, गुडघे कुरकुरतात, तरी आठवड्यातून एकदा पर्वती चढतात.

लेकशोअरवाला
स्कायलाइन म्हणाल तर टोरांटोला तोड नाही. सीएन टॉवर ५५३ मीटर, १९७६ पासून उभा आहे. शहराच्या आत फिरून मात्र काही दिसत नाही, लांब जावं लागतं. हिवाळ्यात समोरच्या बेटांकडे जाणाऱ्या फेरी बोटींपैकी वॉर्ड्स आयलंडची तेवढी चालू असते, ती पकडा. बेटावरून तुम्ही उत्तरेकडे बघता, त्यामुळे हिवाळ्यातलं कलतं ऊन दिवसभर इमारतींच्या तोंडावर पडतं. सूर्यास्ताचा फोटो हवा असेल तर रिव्हरडेल पार्क ईस्ट. टेकाडावरून पोरं घसरगाड्या घेऊन खाली सुटलेली असतात आणि त्यांच्या मागे अख्खं डाउनटाउन. आईंना तिथेच बसवा, करमणूक फुकट.

आता खरं बोलतो, माझंच शहर आहे म्हणून. हिवाळ्याचं वातावरण इथे यथातथाच. बर्फ पडतो, दोन दिवसांत त्याचा राखाडी चिखल होतो आणि वर आठवडाभर ढग. कधीकधी टॉवरचं डोकंच ढगात गुडूप. बंदरात बर्फ धरतो, पण लेक ओंटारिओ काही गोठत नाही. म्हणून टोरांटोला एकच दिवस ठरवून ठेवू नका. बहिणीचं घर जवळच आहे, आकाश निवळलं की निघा.

माँट्रियलची सून
मी १४ वर्षं माँट्रियलमध्ये आहे, तेव्हा पक्षपात गृहीत धरा. 😀

तुम्हाला हवंय ते चित्र इथे सगळ्यात सोपं मिळतं, कारण शहराच्या मधोमध डोंगर आहे. माँ रॉयाल, उंची २३३ मीटर. त्याच्या माथ्याहून उंच इमारत बांधू द्यायची नाही हा इथला नियम, त्यामुळे टोरांटोसारखे भाले आकाशात घुसलेले दिसत नाहीत. इमारती एका पातळीत दाटीने उभ्या, त्यांच्या मागे सेंट लॉरेन्स नदी. कोंदियारोंक नावाचा सज्जा आहे, तिथून हे सगळं पायाखाली दिसतं. दुपारी साडेतीनच्या सुमाराला पोचा. ऊन तुमच्या मागून-उजवीकडून येतं, इमारती आधी पिवळ्या मग गुलाबी होतात, आणि पाच-सव्वापाचला दिवे लागलेले असतात. प्लास व्हिल मारी या उंच इमारतीच्या गच्चीवरून फिरता झोत निघतो. बर्फ पडत असताना तो झोत आकाशात दिसतो ना, तेव्हा १४ वर्षांनीही मी खिडकीत थांबते.

बाबांसाठी: पायऱ्यांनी चढवू नका, त्यांच्यावर बर्फ घट्ट बसलेला असतो. ११ नंबरची बस बीव्हर लेकपाशी सोडते, तिथून सपाटच्या आसपास चाल आहे. सज्ज्याच्या मागेच शॅले, म्हणजे विसाव्याची मोठी इमारत आहे, आत जाऊन हात शेकता येतात. पर्वतीचा सराव कामी येईल, फक्त बुटांना लावायचे खिळेवाले रबरी पट्टे घ्या.

वातावरणाचं विचाराल तर इथले लोक हिवाळ्यावर रुसून घरात बसत नाहीत. जुन्या बंदरावर इग्लूफेस्ट हा संगीत उत्सव असतो, उणे वीसमध्ये पोरं उघड्यावर नाचतात. तुमच्या आई-बाबांना तो झेपणार नाही, पण बाहेरून बघायला काय हरकत आहे? रात्री बर्फ उपसणाऱ्या गाड्यांच्या आधी भोंगा वाजतो, 'गाड्या हलवा' म्हणून. पाहुण्यांना वाटतं युद्धच सुरू झालं.

चिनूक
माँट्रियल भक्तांनो, दमट थंडीत उणे दहासुद्धा हाडात शिरतं. कॅलगरीला या. थंडी कोरडी, आकाश निळं. क्रेसेंट रोडवर गाडी लावायची, काठावर उभं राहायचं, समोर बो नदी आणि डाउनटाउन. उणे पंचवीसला प्रत्येक इमारतीच्या डोक्यावरून वाफ सरळ वर जाते, अख्खं शहर चुलीवर ठेवल्यासारखं. आणि चिनूक वारा सुटला की काही तासांत पारा वीस अंशांनी चढतो. संक्रांतीला मी टी-शर्टवर तिळगूळ वाटलाय!

पर्वतीकर
चिनूकभाऊ, म्हणजे आईसाठी तिकडे गेलो आणि बर्फच वितळला तर?

चिनूक
😶 मग डोंगरातलं बॅन्फ आहे ना, दीड तासावर. पण मुद्दा मान्य.

पावसाळी
व्हँकुव्हरकरांच्या वतीने प्रामाणिक कबुली: जानेवारीत इथे पाऊस. बर्फ समोरच्या डोंगरांवर, शहरात छत्र्या. सीबस नावाच्या बोटीने १२ मिनिटांत पलीकडच्या लॉन्सडेलला जाऊन मागे वळून बघितलं की देखावा सुंदरच, ढगांनी परवानगी दिली तर. तुमची अपेक्षा वेगळी आहे. मुंबईचा जुलै उणे ऊब असं काही बघायचं असेल तरच या.

विनिपेगचा गारठा
स्कायलाइनसाठी आमच्याकडे कुणी येत नाही आणि आम्हालाही वाईट वाटत नाही. पण 'हिवाळा' हा शब्द इतर शहरांनी जपून वापरावा. फोर्क्सला, म्हणजे दोन नद्यांच्या संगमावर, आम्ही गोठलेल्या नदीवरून चालत आणि स्केटिंग करत जातो. बस, एवढंच नोंदवायचं होतं.

लेकशोअरवाला
विनिपेगला +१, पण आई-बाबांबरोबर नको हो!

पर्वतीकर, दुसरं शहर ओटावा की क्वेबेक सिटी असा प्रश्न पडेल. ओटावात रिडो कालव्यावर ७.८ किलोमीटरची स्केटिंगची वाट असते, पण ती उघडणं थंडीवर अवलंबून. २०२३ च्या मोसमात ती एकदाही उघडली नाही, इतिहासात पहिल्यांदाच. म्हणून तिच्या भरवशावर तिकिटं काढू नका.

माँट्रियलची सून
क्वेबेक! प्रश्नच नाही. माँट्रियलहून ट्रेनने तीन-साडेतीन तास. तिथे उंच इमारतींची रांग नाही, आकाशरेषा म्हणजे जवळजवळ एकटा शातो फ्राँतनाक, १८९३ चं किल्ल्यासारखं हॉटेल. तो बघायला समोरच्या लेव्हीला जाणारी फेरी घ्या. नदीत बर्फाचे तुकडे तरंगत असतात, फेरी त्यांना ढकलत जाते, खालून करकर आवाज येतो. माझ्या सासूबाई पहिल्यांदा घाबरून रामरक्षा म्हणायला लागल्या, परतीच्या फेरीत मात्र काचेला नाक लावून उभ्या. पलीकडे उतरायचं, कॉफी प्यायची, दिवे लागले की परत. तटबंदीचं शहर वर, शातो त्याच्याही वर, खाली पांढरी नदी. शिवाय फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिथला कार्निव्हल असतो.

फोटोंबद्दल एक. बॅटऱ्या थंडीत पटापट मान टाकतात, जादाची बॅटरी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवा. उबेत शिरण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा आणि अर्धा तास तसाच राहू द्या, नाहीतर लेन्सवर दव धरतं.

पर्वतीकर
ठरलं तर. टोरांटो बहिणीच्या घरून, मग माँट्रियल चार रात्री, क्वेबेक तीन. चिनूकभाऊ, पुढच्या खेपेला नक्की. आता शेवटचा प्रश्न: बाबा माकडटोपी आणायचीच म्हणतायत. बहीण म्हणते, लोक हसतील. काय करू?

विनिपेगचा गारठा
आणा. इथे तिला बालाक्लाव्हा म्हणतात आणि दुकानात टांगून विकतात.

माँट्रियलची सून
दोन आणा. एक मला.