‘ब्रेक’, ‘स्प्लिट’, ‘क्रॅक’, ‘क्लीव्ह’ : तुटण्या-फुटण्याच्या इंग्रजी शब्दांना मराठीत काय म्हणावे?

अनुवादिका (प्रश्न)

माहितीपर लेखांचा इंग्रजीतून मराठीत अनुवाद करताना एक अडचण वारंवार समोर येते. ‘ब्रेक’, ‘स्प्लिट’, ‘क्रॅक’, ‘स्नॅप’, ‘बर्स्ट’, ‘शॅटर’, ‘क्लीव्ह’ या क्रियापदांसमोर शब्दकोशात तोडणे, फोडणे, मोडणे हीच दोन-तीन क्रियापदे आलटून पालटून दिलेली असतात आणि त्यांतले कोणते कुठे शोभेल याचा उलगडा होत नाही. काठी मोडते, दोरी तुटते, पेला फुटतो, इथपर्यंत कान साथ देतो. पण नियम, विक्रम, उपवास, मौन, बातमी आणि दिवस या सर्वांसाठी इंग्रजी एकच ‘ब्रेक’ वापरते. उलट, एकाच पेल्याविषयी एक लेखक ‘ब्रेक’ लिहितो, दुसरा ‘क्रॅक’ आणि तिसरा ‘शॅटर’, आणि माझ्या मसुद्यात मात्र तिन्ही ठिकाणी पेला नुसता फुटतो. या शब्दांच्या अर्थांमागे काही व्यवस्था आहे का, की प्रत्येक प्रयोग सुटा पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही?

शब्दवेध

व्यवस्था आहे, परंतु ती दोन भाषांत दोन वेगळ्या जागी आहे. मराठी क्रियापद आधी वस्तूकडे पाहते. जे लांब आणि लवचीक ते तुटते, जे ताठ ते मोडते, जे पोकळ किंवा ठिसूळ ते फुटते आणि जे पातळ व पसरट ते फाटते. इंग्रजीने कापड आणि कागद यांच्यासाठी ‘टेअर’ वेगळे राखले आहे, पण बाकीचे बहुतेक भेद ‘ब्रेक’मध्ये विरून जातात. त्याऐवजी ती भाषा घटना कशी घडली याकडे लक्ष देते. ‘क्रॅक’मध्ये रेघ उमटते, पण वस्तू अजून एकसंध उभी असते. ‘स्नॅप’ म्हणजे ताणलेली किंवा वाकवलेली वस्तू एका क्षणात आवाज करून तुटणे, ‘बर्स्ट’ म्हणजे आतल्या दाबाने फुटणे, ‘शॅटर’ म्हणजे असंख्य तुकडे होऊन विखुरणे. ‘स्प्लिट’मध्ये वस्तू लांबीच्या दिशेने किंवा तंतूंच्या ओळीने दुभंगते, म्हणूनच लाकूड फोडण्याला तो शब्द चपखल बसतो.

मराठीत ही रीत व्यक्त होत नाही असे मुळीच नाही. ती क्रियापदात नसून त्याच्या आधीच्या शब्दात असते. काडकन मोडली, फटकन फुटला, खळ्ळकन फुटली, टर्रकन फाडला. आपल्याकडे या शब्दांचे भांडार इतके समृद्ध असताना अनुवादक ते बोलीतले समजून टाळतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. ‘स्नॅप’ला ‘तुटणे’ एवढेच लिहिले तर अर्धा अर्थ वाटेतच गळतो. आपल्या पेल्यापुरते सांगायचे तर ‘क्रॅक’ला ‘तडा गेला’, ‘ब्रेक’ला ‘फुटला’ आणि ‘शॅटर’ला ‘ठिकऱ्या उडाल्या’ असे लिहावे.

भाषेभाषेतला हा फरक संशोधकांनीही तपासलेला आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २८ भाषांच्या भाषकांना कापण्या-तोडण्याच्या त्याच त्या चित्रफिती दाखवून प्रत्येक घटनेला ते काय म्हणतात हे नोंदवले गेले. भाषांनी आखलेल्या सीमा वेगवेगळ्या निघाल्या, पण वस्तू नेमकी कुठून विलग होणार हे आधी सांगता येते की नाही, ही कसोटी सगळीकडे महत्त्वाची ठरली. सुरीने कापताना ती जागा ठरलेली असते, हातोडा मारताना नसते.

आता लाक्षणिक अर्थांकडे येऊ. ‘ब्रेक’ला वस्तूशी फारसे देणेघेणे नसल्यामुळे, जे काही अखंड चालू आहे किंवा जे काही बांधून ठेवते आहे ते खंडित होणे, एवढाच गाभा त्यात उरतो आणि तो कशालाही लावता येतो. मराठीला मात्र दर वेळी निवड करावी लागते. कायदा आणि विक्रम मोडतो, मौन सुटते किंवा भंगते, कोंडी फुटते. उपवासाच्या बाबतीत तर मराठी इंग्रजीहून अधिक काटेकोर आहे, कारण उपवास ‘सोडणे’ म्हणजे तो रीतसर संपवणे आणि ‘मोडणे’ म्हणजे व्रताला बाधा आणणे, आणि इंग्रजीत या दोहोंना ‘ब्रेक’च म्हणतात. ‘ब्रेकफास्ट’मध्ये पहिला अर्थ आहे. बातमीच्या बाबतीत विशेष सावध राहावे. इंग्रजीत बातमी ‘ब्रेक’ होते तेव्हा ती प्रथमच जाहीर होते, मराठीत बातमी ‘फुटते’ तेव्हा गुपित बाहेर पडलेले असते. दिवसासाठी मात्र आपल्याकडे ‘तांबडे फुटले’ हा तितकाच सुंदर प्रयोग तयार आहे.

माझ्या मते ‘फुटणे’ हे ‘ब्रेक’पेक्षा ‘बर्स्ट’च्या अधिक जवळचे आहे. पालवी, पाझर, घाम, हुंदका, वाचा हे सारे आतून जोर करून बाहेर येते आणि म्हणून फुटते. ‘पेला फुटला’ने सुरुवात केल्यामुळे ही जवळीक सहसा नजरेतून निसटते.

धातुपाठ

वरील विवेचनाला व्युत्पत्तीची बाजू जोडतो, कारण तिथे मराठी वाचकाला एक मोठी सोय आहे. इंग्रजीतले तुटण्याचे शब्द दोन थरांत येतात. ‘ब्रेक’, ‘टेअर’, ‘बर्स्ट’, ‘क्लीव्ह’ हे मूळचे जर्मानिक थरातले, म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच यांच्या समाईक पूर्वज भाषेतले आहेत, तर ‘फ्रॅक्चर’, ‘रप्चर’, ‘फिशन’ हे लॅटिनमधून आलेले आहेत. ‘ब्रेक’ आणि लॅटिन ‘फ्रांगेरे’ हे एकाच मूळ धातूचे वंशज असून या लॅटिन धातूपासून ‘फ्रॅक्चर’, ‘फ्रॅगमेंट’, ‘फ्रॅजाइल’ आणि ‘फ्रॅक्शन’ आले. संस्कृत गणितातही अपूर्णांकाला ‘भिन्न’ म्हणजे तुटलेला असेच म्हणत. गणितज्ञ बनवा मांडेलब्रो यांनी १९७५ साली ‘फ्रॅक्टल’ (लहान भागातही पूर्णासारखीच रचना दिसणारी आकृती) हा शब्द घडवला तो याच कुळातल्या ‘फ्राक्टुस’वरून. लॅटिन ‘रुम्पेरे’पासून ‘इंटरप्ट’, ‘करप्ट’, ‘अब्रप्ट’ आणि ‘इरप्ट’ निघाले.

दोन नाती मात्र थेट आपल्या घरातली आहेत. संस्कृत ‘भिद्’ आणि लॅटिन ‘फिंडेरे’ सगोत्र, म्हणजे एकाच मूळ धातूपासून निघालेले आहेत. त्या लॅटिन धातूपासून ‘फिशर’ आणि ‘फिशन’ आले आणि चावण्याचा साधा इंग्रजी शब्द ‘बाइट’देखील त्याच मुळाचा आहे. लिझे माइट्नर आणि ऑटो फ्रिश या भौतिकशास्त्रज्ञांनी १९३९ साली युरेनियमच्या अणुकेंद्राचे दोन भाग होण्याला ‘फिशन’ म्हटले, तेव्हा त्यांनी हा शब्द जीवशास्त्रातून, पेशीच्या द्विभाजनातून उचलला होता. दुसरे नाते ‘छिद्’चे. ग्रीक ‘स्खिझाइन’ हा त्याचाच भाऊबंद असून धर्मपंथातल्या फुटीला म्हटला जाणारा ‘सिझम’ हा शब्द त्याच्यापासून आला. मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली मांडलेले ‘स्किझोफ्रेनिया’ हे नावही त्याच धातूवर उभे आहे. मराठीत आपण ‘छिन्नमनस्कता’ म्हणतो तेव्हा नकळत त्याच मुळापर्यंत पोहोचतो. तरीही इथे एक इशारा आवश्यक वाटतो. ब्लॉयलर यांना मानसिक व्यापारांतला सांधा निखळणे अभिप्रेत होते, एका शरीरात दोन व्यक्ती वावरणे नव्हे, त्यामुळे या आजारासाठी ‘दुभंग व्यक्तिमत्त्व’ असे लिहिणे चुकीचे आणि रुग्णांवर अन्याय करणारे आहे.

‘क्लीव्ह’ हे खरे तर एकाच रूपात एकवटलेले दोन शब्द आहेत. जुन्या इंग्रजीत ‘चिरणे’ या अर्थाचे एक क्रियापद होते आणि ‘चिकटून राहणे’ या अर्थाचे दुसरे. कालांतराने त्यांची रूपे एक झाली. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये होमासाठी लाकडे फोडली जातात तिथे आणि रूथ आपल्या सासूला बिलगून राहते तिथेही ‘क्लेव्ह’ हेच भूतकाळी रूप आढळते. म्हणून जुना मजकूर हाताळताना पुढचे शब्दयोगी अव्यय पाहिल्याखेरीज या शब्दाला हात लावू नये.

खनिजवेडा

भूविज्ञानात ‘क्लीव्हेज’ आणि ‘फ्रॅक्चर’ हे समानार्थी नाहीत, एवढे अवश्य सांगावेसे वाटते. खनिज आपल्या अंतर्गत रचनेतल्या दुबळ्या प्रतलांवर गुळगुळीत पृष्ठ ठेवून दुभंगते तेव्हा ते ‘क्लीव्हेज’ आणि तशा प्रतलांशिवाय वेडेवाकडे तुटते तेव्हा ‘फ्रॅक्चर’. यांना मराठीत पाटन आणि भंजन असे रूढ शब्द आहेत. अभ्रकाचे एकाच दिशेने पापुद्रे निघतात, कॅल्साइटला तीन दिशांना पाटन असते, तर क्वॉर्ट्झला स्पष्ट पाटन नसते आणि त्याचे भंजन शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे वक्र, म्हणजे शंखाभ असते. दोन्हींना ‘तुटणे’ लिहिले तर खनिज ओळखण्याची खूणच नाहीशी होते. वैद्यकात मात्र हाडाचे ‘ब्रेक’ आणि ‘फ्रॅक्चर’ एकच. ‘फ्रॅक्चर’ म्हणजे नुसती चीर, हा समज निराधार आहे.

अनुवादिका

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक शंका उरते. स्नूकरमध्ये खेळाडू एका डावात सलग मिळवतो त्या गुणांना ‘ब्रेक’ म्हणतात. हा अर्थ तर खंड पडण्याच्या अगदी उलट दिसतो. आणि खिशात पैसे नसलेला माणूस ‘ब्रोक’ का?

शब्दवेध

स्नूकरचा अर्थ माझ्या मांडणीत सहजासहजी बसत नाही, हे मान्य करायला हवे. सुरुवातीला चेंडूंची रचना फोडणारा फटका ‘ब्रेक’ म्हणवला जातो हे समजते, पण १४७ गुणांच्या सलग खेळीलाही तेच नाव असणे हा त्या खेळाचा स्वतंत्र संकेत मानावा आणि मराठीत ‘ब्रेक’ तसाच ठेवावा. क्रिकेटमधल्या ‘लेग ब्रेक’ची गोष्ट वेगळी आहे. तिथे टप्पा पडल्यावर चेंडूची सरळ वाट मोडते.

‘ब्रोक’ हे ‘ब्रोकन’चे जुने रूप आहे. इंग्रजीने पुढे दोन्ही रूपे ठेवली आणि कामे वाटून दिली. ‘बँकरप्ट’च्या मागेही इटालियनमधली मोडलेली पेढीच आहे. मराठीत यासाठी ‘कफल्लक’ आणि ‘दिवाळे निघणे’ पुरेसे आहेत, मोडण्या-तोडण्याचा आधार घेण्याची गरज नाही.

जाता जाता देवनागरीपुरती एक अडचण नोंदवतो. वाहन थांबवण्याचा ‘ब्रेक’ हा इंग्रजीत वेगळ्या वर्णांनी लिहिला जाणारा वेगळा शब्द आहे, पण मराठीत दोन्ही एकसारखेच दिसतात. ‘कामाला ब्रेक लागला’ म्हणजे काम अडले आणि ‘कामातून ब्रेक घेतला’ म्हणजे विश्रांती घेतली. त्यामुळे जिथे क्रियापदावरून अर्थ स्पष्ट होत नसेल तिथे अनुवादात ‘खीळ’ किंवा ‘विराम’ यांपैकी नेमका शब्द योजावा.